एजंटला पैसे न देता परदेशात इंग्लिश टीचरची नोकरी कशी शोधायची (कोल्हापूरकरांसाठी)

दरवर्षी बी.एड.ची नवी बॅच बाहेर पडली की मला मेसेज यायला लागतात, ताई तुम्ही बाहेर शिकवलंय ना, आमचं पण कुठंतरी बघा की, एक एजंट दीड लाख मागतोय, देऊ का? प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितेय. देऊ नका. शाळा स्वतः जाहिरात देते, मुलाखत स्वतः घेते, व्हिसासाठी लागणारी परवानगी पण शाळाच काढते. मधला माणूस तुमचा सीव्ही शाळेच्या ईमेलवर पाठवतो, आणि ते काम तुम्ही राजारामपुरीत घरात बसून फुकट करू शकता. वेळ जातो, चिकाटी लागते, दोन-चार महिने कुणाचं उत्तरच येत नाही असं पण होतं. पण होतंय.

मला हे मनापासून लिहावंसं वाटतं कारण आपल्याकडची पोरं-पोरी खरंच चांगली शिकवतात. एम.ए. इंग्लिश, बी.एड., वर सेट झालेली माणसं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, तास घेतायत, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलकडं डोळे लावून बसलीत, शिक्षण सेवक म्हणून लागलं तरी माध्यमिकला पहिली ३ वर्षं महिना १८ हजार मानधन, आणि काही संस्थांत डोनेशनचा आकडा ऐकला की घरचे गप्पच बसतात. अशा माणसानं सोनं गहाण ठेवून एजंटला पैसे दिले की मला लई वाईट वाटतं, कारण त्या पैशात कागद, परीक्षा, विमानाचं तिकीट सगळं होऊन वर उरतील.

आधी व्हिसाचा नियम वाचा, मग देश निवडा

बहुतेक जण उलटं करतात. आधी देश आवडतो, मग जाहिरात सापडते, मग पैसे भरतात आणि शेवटी कळतं की भारतीय पासपोर्टवर त्या कामाचा व्हिसाच नाही. एजंटचा धंदा ह्याच क्रमावर चालतो, म्हणून तुम्ही क्रम बदला. त्या देशाच्या दूतावासाची नाहीतर इमिग्रेशनची साईट उघडायची, इंग्लिश टीचरला कुठला व्हिसा लागतो, कुठल्या देशाच्या नागरिकांना मिळतो, शिक्षण काय लागतं एवढं वाचायचं. एक संध्याकाळ जाते फक्त.

उदाहरण देते. दक्षिण कोरियात भाषा शिकवायचा व्हिसा म्हणजे ई-२. इंग्लिशसाठी तो अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका ह्या सात देशांच्या नागरिकांना मिळतो. आपण त्यात नाही. भारत-कोरिया सेपा हा व्यापार करार २०१० पासून लागू आहे आणि त्यात भारतीयांसाठी शाळेत इंग्लिशचा असिस्टंट टीचर म्हणून एक छोटी वाट ठेवलीय, पण त्याला डिग्री आणि शिक्षकाची अधिकृत पात्रता लागते, आणि तिथले प्रायव्हेट क्लास, ज्यांना हागवॉन म्हणतात, ते त्यात येत नाहीत. म्हणजे कुणी म्हणाला की सोलच्या हागवॉनमध्ये लावतो, एवढे एवढे द्या, तर तिथून उठून यायचं, पुढं ऐकायचंच नाही.

जपानमध्ये शाळेत शिकवायच्या इन्स्ट्रक्टर व्हिसाला एक अट आहे जी आपल्याकडच्या लोकांना माहीतच नसते. ज्या भाषेचे तुम्ही शिक्षक होणार त्या भाषेतून तुमचं कमीत कमी १२ वर्षं शिक्षण झालेलं पाहिजे. पहिलीपासून इंग्लिश मीडियमला असाल तर शाळेकडून तसं लेटरहेडवर पत्र घेऊन ठेवा. मराठी मीडियम नाहीतर सेमी-इंग्लिशवाल्यांना हे सिद्ध करणं फार जड जातं, मग तुमचं इंग्लिश कितीही भारी असो. चीनमध्ये पण इंग्लिशसाठी ते ‘नेटिव्ह’, म्हणजे इंग्लिश हीच मातृभाषा असलेल्या, देशांचेच पासपोर्ट धरतात, शिवाय २०२१ मध्ये सरकारनं शालेय विषयांच्या खाजगी क्लासेसवर कडक बंधनं आणली, तेव्हापासून तिथला तो बाजारच आटलाय. युरोपात आधी त्यांच्या युनियनचे नागरिक, मग बाकीचे.

हे वाचून खचायचं नाही. भारतीय इंग्लिश टीचर खरोखर कामाला आहेत असे देश पण आहेतच, आखाती देश, मालदीव, थायलंड, व्हिएतनाम. मी ह्यांतल्या दोन ठिकाणी शिकवलंय, थायलंडला आणि नंतर दुबईत, म्हणून त्यांच्याबद्दल जास्त लिहितेय.

बी.एड. झालेल्या आणि हातात दोन-तीन वर्षांचा शाळेचा अनुभव असलेल्या माणसासाठी माझ्या मते आखात सगळ्यात सरळ आहे. कारण तिथं सीबीएसईच्याच शाळा आहेत. भारताबाहेर सीबीएसईशी संलग्न दोनशेच्या वर शाळा आहेत आणि त्यातल्या बहुतेक यूएई, सौदी, ओमान, कुवेत, कतार, बहारीनमध्ये. तिथं तुम्हाला ‘नेटिव्ह’ आहात का असं कुणी विचारत नाही. बी.एड., अनुभव, बोलण्यातली सफाई आणि वर्ग सांभाळता येतो का, एवढं बघतात. ब्रिटिश आणि आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) शाळा पगार जास्त देतात, पण तिथं त्या अभ्यासक्रमाचा अनुभव मागतात, त्यामुळं पहिली उडी सीबीएसई शाळेत मारून दोन-तीन वर्षांनी तिकडं सरकणारे भरपूर आहेत.

मालदीवबद्दल आपल्याकडं कुणी बोलतच नाही. तिथं शाळांत शिकवायचं माध्यम इंग्लिश आहे, केंब्रिजच्या परीक्षा चालतात, आणि केरळ-तमिळनाडूचे शिक्षक वर्षानुवर्षं जातायत. एखाद्या लहान बेटावर पोस्टिंग मिळू शकतं, तिथं एकच शाळा, चार दुकानं, आणि घरी यायचं तर आधी बोट मग विमान. एकट्या माणसाला पैसे साठवायला चांगलं, कुटुंबकबिला घेऊन जाणाऱ्यानं मात्र नीट विचार करावा.

थायलंडचं गणित वेगळं आहे. कुठल्याही विषयातली बॅचलर डिग्री पाहिजे, व्हिसा नॉन-इमिग्रंट बी, मग वर्क परमिट, आणि शिक्षकांची जी परिषद आहे, खुरुसपा, तिच्याकडून शिकवायची परवानगी शाळा काढते. आपल्यासारख्या नॉन-नेटिव्हला बहुतेक ठिकाणी टोईक ह्या इंग्लिशच्या परीक्षेत ९९० पैकी ६०० च्या वर मार्क मागतात, आपल्या एम.ए. झालेल्या माणसाला ते अवघड नाही. सरकारी शाळांत ‘इंग्लिश प्रोग्रॅम’ म्हणून वेगळ्या तुकड्या असतात, तिथं गणित-सायन्स पण इंग्लिशमधून शिकवतात, त्यामुळं बी.एस्सी. बी.एड.वाल्यांनी पण बघावं. पगाराचं मात्र स्पष्ट सांगते. एकाच जाहिरातीत नेटिव्हला ३० ते ४० हजार बात (तिथलं चलन) आणि नॉन-नेटिव्हला १८ ते २५ हजार असं उघड लिहिलेलं दिसतं. हा भेदभाव आहे, काम तेच, तास तेवढेच, आणि मला त्याचा आजही राग येतो. तरीपण लहान गावात खोलीभाडं आणि जेवण स्वस्त पडतं, म्हणून तुलना करताना बँकॉक नको, चियांग माई किंवा इसानकडची, म्हणजे ईशान्य थायलंडमधली, गावं धरा. व्हिएतनाममध्ये भाषा सेंटर खूप आहेत, डिग्री, इंग्लिश शिकवायचं सर्टिफिकेट, पोलिस क्लिअरन्स आणि मेडिकल लागतं.

सर्टिफिकेटवरून पण लई प्रश्न येतात. आखातातल्या शाळेत जायचं असेल तर बी.एड. पुरतं, उगाच खर्च नको. थायलंड-व्हिएतनामच्या सेंटरला जायचं असेल तर १२० तासांचा टेफल, म्हणजे इंग्लिश शिकवायचा, कोर्स लागतो. त्यातलं सगळ्यात वजनदार म्हणजे केंब्रिजचं सेल्टा, त्यात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर ६ तास शिकवायला लावतात आणि ट्रेनर मागं बसून तपासतो, ट्रिनिटीचं सर्ट टीसॉल पण त्याच तोलाचं. सेल्टाला लाखाच्या वर जातात, पण आता ते पूर्ण ऑनलाइन करता येतं, मुंबई-पुण्यात राहायचा खर्च वाचतो. एका रविवारात मिळणारी पाचशे-हजाराची सर्टिफिकेटं घेऊ नका, शाळांना ती बरोबर ओळखता येतात.

कागद, आणि त्यातही नाव

हे सगळ्यात कंटाळवाणं काम आणि इथंच माणसं अडकतात. नोकरी लागायच्या आधीच चालू करा, कारण ऑफर आल्यावर शाळा पंधरा दिवसांत कागद मागते आणि आपले कागद पंधरा दिवसांत होत नाहीत.

पासपोर्ट नसेल तर आता पुण्याला जायला लागत नाही, कोल्हापुरात पोस्टातलं पासपोर्ट सेवा केंद्र आहे. ३६ पानी साध्या पासपोर्टची फी १५०० रुपये. पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट पण पासपोर्ट सेवाच्याच पोर्टलवरून काढायचं, ५०० रुपये, पण हे फार आधी काढू नका, बहुतेक देशांना ताजं लागतं.

आता नाव. आपल्या दहावी-बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि खाली आईचं नाव. शिवाजी विद्यापीठाच्या मार्कशीटवर पण क्रम असाच. पासपोर्टवर मात्र दोन रकाने, एकात आडनाव आणि एकात नाव, मग कुणी वडिलांचं नाव घालतं, कुणी गाळतं. परदेशातला एचआरवाला हे दोन कागद शेजारी ठेवतो आणि त्याला वाटतं ही दोन वेगळी माणसं आहेत. मुलींचं तर अजून अवघड, डिग्री माहेरच्या नावानं, पासपोर्ट सासरच्या नावानं, आधारवर तिसरंच स्पेलिंग. एखाद्या नावात एका कागदावर डबल ई, दुसऱ्यावर आय, एवढ्यावरनं पण फाईल परत येते. तर आज रात्री एक काम करा, सगळे कागद जेवणाच्या टेबलावर नाहीतर सतरंजीवर ओळीनं मांडा, दहावी, बारावी, प्रत्येक वर्षाचं मार्कशीट, डिग्री, बी.एड., अनुभवाचं पत्र, पासपोर्ट, आधार, लग्नाचं सर्टिफिकेट, आणि प्रत्येकावरचं नाव अक्षर न अक्षर वहीत लिहून काढा. जिथं फरक दिसेल तिथं आताच दुरुस्ती. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचं सर्टिफिकेट आणि राजपत्रातली नाव बदलल्याची नोंद दोन्ही हाताशी पाहिजेत. अनुभवाच्या पत्रावर पण पासपोर्टवरचंच नाव टाकून घ्या, हेडसरांना सांगायला संकोचू नका. त्या पत्रात तारखा, शिकवलेले वर्ग, विषय, पूर्णवेळ की तासिका, आणि शाळेचा जावक क्रमांक, एवढं असलंच पाहिजे.

डिग्रीचं पण बघा. पदवीदान समारंभातलं खरं डिग्री सर्टिफिकेट पुष्कळ जणांनी विद्यापीठातून आणलेलंच नसतं, प्रोव्हिजनलवर गाडी चाललेली असते. परदेशी व्हिसाला प्रोव्हिजनल बहुतेक ठिकाणी चालत नाही. अर्ज करून ते आणा, सोबत ट्रान्सक्रिप्ट पण मागून घ्या.

मग शिक्के. डिग्रीवर आधी राज्य सरकारचा शिक्का, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे, म्हणजे कागद खरा असल्याचा एकच शिक्का करारातले देश मानतात, त्यामुळं ओमान, बहारीन, सौदी, जपान, कोरिया अशा करारातल्या देशांसाठी मंत्रालयाचा अपोस्टिल स्टिकर बसला की संपलं. यूएई त्या करारात नाही, तिथं पुढं त्यांच्या दूतावासाचा शिक्का पण लागतो. मंत्रालयाची अपोस्टिलची सरकारी फी एका कागदाला ५० रुपये आहे, वर मंत्रालयानं नेमलेल्या एजन्सीचा सर्व्हिस चार्ज आणि कुरियर. हे आकडे माहीत असले की कुणी एका डिग्रीचे पंचवीस हजार सांगितले तर त्याला प्रश्न विचारता येतात, कशाचे किती ते लिहून द्या म्हणावं. राज्याच्या शिक्क्याचं मुंबईचं काम स्वतः करायचं असेल तर रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं जा, सकाळी सीएसएमटीला उतरून ऑफिस उघडायच्या आधी पोचता येतं. मूळ कागद कुणाकडं पण द्यायच्या आधी दोन्ही बाजूंचे रंगीत स्कॅन काढून ठेवा आणि पावती घेतल्याशिवाय हातातनं सोडू नका.

शाळा कशा शोधायच्या

जाहिरातीची वाट बघत बसायचं नाही, शाळांची यादी आपण करायची. ही यादी हाच एजंटचा सगळा खजिना असतो आणि ती उघड्यावर पडलीय. सीबीएसईच्या साईटवर संलग्न शाळांमध्ये परदेशातल्या शाळा देशाप्रमाणं बघता येतात. केंब्रिजच्या साईटवर शाळा शोधायची सोय आहे, आयबीच्या साईटवर पण आहे. दुबईतल्या खाजगी शाळांची यादी तिथल्या केएचडीए ह्या सरकारी खात्याच्या साईटवर मिळते आणि शाळांचे तपासणी अहवाल पण तिथंच वाचता येतात, ते वाचाच, शिक्षकांबद्दल काय लिहिलंय त्यावरनं शाळेचा अंदाज येतो. थायलंडसाठी अजार्न डॉट कॉम, आंतरराष्ट्रीय शाळांसाठी टेस, हे जाहिरातींचे फळे आहेत, तिथं शाळा स्वतः जाहिरात टाकते. पण तिथं पण कधीकधी एजन्सीच शाळेच्या आवाजात लिहिते. ओळखायची खूण साधी आहे, शाळेचं नाव दिलेलं नसतं, ‘आमची क्लायंट शाळा’ असं असतं, आणि ईमेल शाळेच्या डोमेनचा नसतो.

छोट्या गावांसाठी गुगल मॅप उघडा. गावाचं नाव टाकून बायलिंग्वल स्कूल, लँग्वेज सेंटर असं शोधा, फोटो बघा, साईटवर जा, करिअर पेज नसलं तर ऑफिसचा ईमेल घ्या. एक शीट बनवा, शाळा, गाव, बोर्ड, ईमेल, कधी पाठवलं, उत्तर काय. सीबीएसई शाळांचं वर्ष यूएईमध्ये एप्रिलला चालू होतं, म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारीत ईमेल गेले पाहिजेत. ब्रिटिश आणि आयबी शाळा ऑगस्ट-सप्टेंबरला उघडतात पण त्यांची भरती आदल्या नोव्हेंबरपासनंच चालू होते. थायलंडचं वर्ष मेच्या मध्यावर, दुसरं सत्र नोव्हेंबरला, त्यामुळं मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर हे महिने महत्त्वाचे. ह्या तारखा चुकल्या की कितीही चांगला सीव्ही असला तरी उत्तर येत नाही आणि माणूस उगाच स्वतःला नावं ठेवत बसतो.

ईमेल एकाच वेळी पन्नास शाळांना कॉपी करून मारू नका. रोज तीन-चार शाळा, प्रत्येकीला वेगळा. विषयाच्या ओळीतच सगळं आलं पाहिजे, म्हणजे कुठल्या वर्गांसाठी इंग्लिश टीचर, बी.एड. आहे, अनुभव किती, कधीपासून रुजू होऊ शकता. आत दहा-बारा ओळी बास. पहिल्या ओळीत त्या शाळेबद्दल एक खरी गोष्ट लिहा, त्यांच्या साईटवर वाचलेली, म्हणजे त्यांना कळतं की हा माणूस आपल्यालाच लिहितोय. मग तुम्ही काय केलंय ते ठोस. ‘हार्डवर्किंग अँड डेडिकेटेड’ सगळेच लिहितात, ते वाचून कुणाला काही कळत नाही. त्याऐवजी असं लिहा की साठ मुलांच्या वर्गात तुम्ही जोड्या लावून बोलायचा सराव कसा घेतला, नववीच्या मुलांना पत्रलेखन कसं शिकवलं, वाचनात मागं पडलेल्या मुलांसाठी सकाळी काय चालू केलं. राष्ट्रीयत्व आणि सध्या कुठं आहात ते लपवू नका, भारतीय आहे, कोल्हापूर, महाराष्ट्र, व्हिसासाठी डिग्री अपोस्टिल केलेली तयार आहे, ही ओळ वाचून एचआर खूश होतो कारण त्याची अर्धी कटकट मिटते. ‘नेटिव्ह’ शब्दाला घाबरून खाली मान घालून लिहायची गरज नाही. आपण इंग्लिश शिकून शिकवतोय, मूल कुठं अडतं ते आपण स्वतः अडून बघितलंय, हे सरळ लिहा.

दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एक आठवण. मग सोडून द्या, पुढची शाळा.

व्हिडिओ आणि डेमो

सीव्हीसोबत दोन-तीन मिनिटांच्या व्हिडिओची लिंक दिली तर फार फरक पडतो. घरातली उजेडाची खिडकी समोर, मोबाईल डोळ्यांच्या उंचीवर, मागं साधी भिंत. पाठ करून भाषण नको, एखादा छोटा मुद्दा प्रत्यक्ष शिकवा.

उच्चारांवर महिनाभर मेहनत घ्या. अमेरिकन ॲक्सेंट आणायची काही गरज नाही, उलट ते ओढूनताणून केलेलं लगेच कळतं. पण आपण मराठी माणसं व्हेरी आणि वेअर दोन्हीला सारखाच व लावतो, एकात वरचे दात खालच्या ओठाला लागतात आणि दुसऱ्यात ओठ नुसते गोल होतात, हा फरक आरशासमोर बसवा. थ आणि ट, झेड आणि जे, प्लेझर-मेझरमधला मधला आवाज, आणि वाक्यात कुठल्या शब्दावर जोर द्यायचा ते. आपण सगळ्या शब्दांना सारखाच जोर देऊन भरभर बोलतो, त्यानं समोरच्याला समजायला त्रास होतो. थोडं हळू बोललं तरी निम्मं काम होतं.

डेमो लेसन बहुतेक शाळा घेतातच, वीस मिनिटांचा, समोर दोन-तीन शिक्षक मुलं बनून बसतात. आपल्याकडची सवय म्हणजे फळ्यावर व्याख्या लिहायची आणि समजावत राहायचं. तिथं ते चालत नाही, वर्गात टीचरपेक्षा मुलांचा आवाज जास्त आला पाहिजे असं ते बघतात. समजा प्रेझेंट परफेक्ट शिकवायचाय. नियम सांगून सुरुवात करू नका, चार फोटो दाखवा, हत्तीवर बसलेला माणूस, समुद्र, बर्फ, विमान, आणि विचारा, हॅव यू एव्हर असं असं केलंय का. त्यांना एकमेकांना विचारायला लावा, तीन मिनिटं तुम्ही गप्प, फिरत ऐका, चुका टिपून घ्या, मग फळ्यावर त्यांचीच दोन वाक्यं लिहून तिथनं नियमाकडं या, आणि शेवटी कालची ठरावीक वेळ सांगितली की साधा भूतकाळ वापरायचा हे त्यांच्याच तोंडून काढा. असा डेमो मी मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला बसून पण बघितलाय, माणूस पहिल्या पाच मिनिटांतच पसंत पडतो.

मुलाखतीची वेळ विचारताना कुठल्या देशाच्या घड्याळानं ते विचारा. बँकॉक आपल्या दीड तास पुढं, दुबई दीड तास मागं. लाईट जाणार हे धरून चाला, मोबाईलचा हॉटस्पॉट तयार ठेवा.

ऑफर आल्यावर

आनंदात सही करू नका, दोन दिवस मागून घ्या. मूळ पगार किती आणि भत्ते किती ते वेगवेगळं लिहून मागा, कारण यूएईमध्ये नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ पगारावर धरतात, पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा मूळ पगार. एकूण ५ हजार दिरहम आणि मूळ फक्त १५०० असं असेल तर नुकसान तुमचं. राहायची सोय शेअरिंगची आहे का, मेडिकल इन्शुरन्स, वर्षाचं तिकीट, उन्हाळ्याच्या सुट्टीत पगार मिळतो की नाही, आठवड्याला तास किती, प्रोबेशन किती (यूएईत कायद्यानं ६ महिन्यांच्या वर नाही), मध्येच सोडलं तर काय. यूएईच्या २०२१ च्या कामगार कायद्यात भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायला मालकाला बंदी आहे, म्हणून व्हिसाचे पैसे पगारातनं कापू असं शाळा म्हणाली तर तेच कलम दाखवून विचारा. पासपोर्ट शाळेनं स्वतःकडं ठेवायला पण तिथं बंदी आहे.

शाळा खरी आहे का बघायला साईटवरचा नंबर स्वतः शोधून फोन करा, ईमेलमध्ये आलेला नंबर नको. तिथं आधी काम केलेला शिक्षक लिंक्डइनवर सापडतोच, त्याला नम्रपणे विचारा, पगार वेळेवर होतो का. लोक सांगतात.

आणि हे नीट वाचा. ‘आधी टुरिस्ट म्हणून या, व्हिसा इथं आल्यावर करू’ म्हणणाऱ्याकडं जायचं नाही, थायलंडला तर अजिबात नाही. थायलंडमध्ये नोकरी म्हणून बोलवून पोरांना म्यानमारच्या म्यावाडीत नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपल्याच्या घटना झाल्यात, परराष्ट्र मंत्रालयानं २०२२ पासून त्याबद्दल इशारे दिलेत, कंबोडिया-लाओसबद्दल पण दिलेत. शाळेकडून कागद आल्यावर नॉन-बी व्हिसा इथनंच काढून मग निघा, शाळा त्याला तयार नसेल तर ती शाळा नको.

एवढं सांगून पण घरचे म्हणाले की ओळखीचा एजंट आहे, भरवशाचा आहे, तर दोन गोष्टी तपासा. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याप्रमाणं परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्याला सरकारी नोंदणी लागते, ती ई-मायग्रेट पोर्टलवर नाव टाकून बघता येते. आणि नोंदणी असलेल्या एजंटला सुद्धा उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. दीड लाख मागणारा नियमाच्या बाहेर आहे, कितीही गोड बोलला तरी. पावती मागा, बँकेतनं देतो म्हणा, बहुतेक तिथंच विषय संपतो.

निघायच्या आधी सगळ्या कागदांचे स्कॅन, काँट्रॅक्टसकट, घरच्या एका माणसाच्या ईमेलवर पाठवून ठेवा. तिकडं पोचल्यावर भारतीय दूतावासाकडं नोंद करा. पगार थकला, पासपोर्ट काढून घेतला असं काही झालं तर परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार करता येते, घरच्यांना पण इथनं करता येते, ते त्यांना आधीच दाखवून ठेवा. आणि बँकेत जाऊन सांगा की तुम्ही नोकरीसाठी बाहेर जाताय, साधं सेव्हिंग खातं एनआरओ (परदेशात राहणाऱ्याचं इथल्या पैशांसाठीचं खातं) करून घ्या आणि तिकडचा पगार पाठवायला एनआरई खातं उघडा, हे जायच्या आधी विचारून ठेवलं तर पहिल्या पगाराला धावपळ होत नाही.